मागे फिरवलेले बुकिंग

मरोळच्या ज्या ट्रॅव्हल एजन्सीत मी काम करत होते, तिथे दुपारच्या चहाच्या सुट्टीत काउंटरवर आळीपाळीने बसावे लागे. त्या दिवशी माझी पाळी होती. भांडुपहून एक गृहस्थ आपल्या थोरल्या बहिणीला घेऊन आले. "जय भीम, मॅडम," म्हणत त्यांनी पासपोर्ट काचेखालून सरकवला. बहिणीचा नवरा मस्कतला वेल्डर होता. कामावर उंचावरून पडला होता आणि तिथल्या हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर होता. घरच्यांना लवकर बोलावून घ्या, असे डॉक्टरांनी कळवले होते. व्हिसा आणि तिकीट त्याची कंपनी देणार होती, पण एका ठरलेल्या विमान कंपनीचेच; आणि मे महिन्याच्या सुट्टीमुळे तिची सारी विमाने भरलेली होती. म्हणून बाईंचे नाव आमच्या ऑफिसने प्रतीक्षा यादीत टाकले होते.

"विमानवाल्यांना मी स्वतः फोन लावला," भाऊ म्हणाले. "ते म्हणतात, सीट लागली, एजन्सीला विचारा. विमान आज रात्रीचंच ना? म्हणून बॅग घेऊनच आलो."

गर्दीत ओळखू यावी म्हणून बॅगेच्या मुठीला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली होती.

मी बुकिंग उघडले. सीट खरोखरच लागली होती, आणि तीही सकाळी. संध्याकाळी सहापर्यंत तिकीट निघाले नाही तर ती आपोआप सुटणार होती. तिकीट मात्र कोणी काढलेले नव्हते.

ते का काढलेले नव्हते, हे मला विचारावे लागले नाही. विमान कंपनीकडून काहीही बदल आला, म्हणजे वेळ बदलली, सीट लागली किंवा उड्डाण रद्द झाले, की त्याचा मेसेज आमच्या सिस्टीममधल्या एका क्यूमध्ये येऊन पडे. क्यू उघडली की पहिला मेसेज समोर येई. त्याचे काम करून तो काढून टाकायचा, की पुढचा समोर. पण आणखी एक कळ होती. ती दाबली की मेसेज क्यूच्या शेवटी जाऊन उभा राही. एखाद्या प्रवाशाचा फोन लागत नसेल तर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करता यावा, यासाठी ती सोय होती. आमच्या ऑफिसात तिला 'फिरवणे' म्हणत. भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढे निकाली काढलेल्या मेसेजेसचा आकडा दिसे. सोप्या आणि अवघड मेसेजला तिथे सारखेच मोल होते. साहजिकच अवघड मेसेज जो तो फिरवत असे.

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. या नोकरीकडे मी पायरी म्हणूनच पाहत होते. टीम लीडची जागा मला हवी होती आणि ते मी लपवलेही नव्हते. या फिरवण्याचा आलेख काढून मी तो मॅनेजरांपुढे ठेवला होता. गढूळ पाण्यात जड कण तळाशी बसतात, तसे अवघड मेसेज क्यूच्या शेवटी साचतात आणि मुदत संपेपर्यंत तिथेच राहतात, असे त्यात स्पष्ट दिसत होते. मेसेजला त्याच्या अवघडपणाप्रमाणे वजन द्यावे, अशी माझी सूचना होती. "आलेख झकास आहे, मॅडम," ते म्हणाले होते. "पण क्लायंट कंपनीचा माणूस पाहणीला येतो तेव्हा त्याला क्यू हलताना दिसली पाहिजे."

हे बुकिंग जड होते. बाईंच्या पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी होती, आणि बुकिंग करणाऱ्याने सवयीप्रमाणे तिथे नवऱ्याचे नाव घातले होते. तसे तिकीट काढले असते तर विमानतळावर त्यांना परत पाठवले असते. नवे बुकिंग केले तर लागलेली सीट जाणार. उरला एकच मार्ग: विमान कंपनीला फोन करून नावाच्या दुरुस्तीची परवानगी मिळवायची, आणि त्या फोनवर किती ताटकळावे लागते हे सगळ्यांना ठाऊक होते.

मी आत येऊन फोन लावला. शेजारच्या खुर्चीवरची माझी मैत्रीण, घाटकोपरची, माझ्यासारखीच पुढे जायच्या घाईत असलेली, माझ्या पडद्यात डोकावली.

"ए सायंटिस्ट, ही बिनआडनावाची केस ना? सकाळी मीच फिरवली."

"का गं?"

"का म्हणजे? तासभर म्युझिक कोण ऐकणार? वाटलं, घेईल कोणीतरी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सगळ्यांनीच फिरवली असणार, यार."

"तिचा नवरा व्हेंटिलेटरवर आहे."

"ते मेसेजमध्ये कुठे लिहिलेलं असतं?"

नव्हतेच लिहिलेले. तिने माझ्या वाट्याचे मेसेज स्वतःकडे घेतले.

फोनवर तेच संगीत पुन्हा पुन्हा वाजत राहिले. काचेपलीकडे बाई एका समुद्रकिनाऱ्याच्या पोस्टरखाली बसल्या होत्या, बॅग मांडीवर घेऊन. भावाने दोनदा खाली ठेवायला सांगूनही त्यांनी ती ठेवली नाही. शेवटी कोणीतरी बोलले, त्याने दुसऱ्या विभागाकडे जोडून दिले, तिथे पासपोर्टची प्रत मागितली, ती मी पाठवली. परवानगी आली तेव्हा सहा वाजून गेले होते. मी तिकिटाचा आदेश दिला आणि सिस्टीमने तो परत केला. यादीतल्या पुढच्या माणसाला सीट गेली होती. कोणत्या तरी दुसऱ्या ऑफिसच्या क्यूमध्ये त्या क्षणी एक आनंदाचा मेसेज पडला असणार.

बाहेर जाऊन मी सांगितले. बाईंनी विचारले, "म्हंजे सकाळी सीट हुती?"

"हो."

"मग सकाळीच का न्हाई दिली, बाई?"

मी नावाची अडचण समजावली. त्यांनी नीट ऐकून घेतले.

"माझं नाव हाय तेच हाय," त्या म्हणाल्या. "जल्मापासून."

दुरुस्त नावाने मी त्यांना दुसऱ्या दिवसाच्या यादीत घातले आणि सकाळपासून ते बुकिंग उघडे ठेवून बसले. दुपारी सीट लागली. तिकीट काढण्याआधी त्या निघू शकतात ना, हे विचारायला मी भावाला फोन केला.

"आता नको, मॅडम," ते म्हणाले. "दाजी सकाळीच गेले. त्यांनाच हिकडं आणतायत. आक्का जाऊन काय करणार?"

मी बुकिंग रद्द केले. रद्द झाल्याची पोच नियमाप्रमाणे क्यूमध्ये आली. अशी पोच हे ऑफिसातले सर्वांत सोपे काम: वाचायची, एक कळ दाबायची, आकडा एकने वाढतो. अशा मेसेजवर एरवी झडप पडे. पण एव्हाना मैत्रिणीकडून बातमी सगळीकडे गेली होती. मेसेज तिच्यापुढे आला, तिने नाव वाचले आणि फिरवला. पुढच्याने फिरवला. त्याच्या पुढच्यानेही. मी माझ्या जागेवरून पाहत होते; ऑफिस सुटायची वेळ झाली तरी तो मेसेज क्यूमध्ये फिरतच होता. हलका मेसेज असा मागे राहू शकतो, हे माझ्या आलेखात कुठेही नव्हते.

"क्यूमध्ये एकच उरलाय," मॅनेजर केबिनच्या दारातून म्हणाले. "कोण घेतंय?"

मी तो उघडला आणि काढून टाकला. भिंतीवरच्या पडद्यावर माझा आकडा एकने वाढला.