अर्ध्या वॉर्डची हवा

माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, जयंत भावोजी, पोटासाठी नक्की काय करतात हे मला तिच्या लग्नानंतर कित्येक वर्षं धड कळलं नव्हतं. सुप्रभा सांगायची, "अगं, एखादी गोष्ट इथून तिथे कशी जाते ते जयंत कॉम्प्युटरवर काढतो." उष्णता, धूर, धूळ, श्वास. बोगद्यात आग लागली तर धूर कुठल्या तोंडाने बाहेर पडेल, चिमणीतली वाफ कुठल्या गल्लीत उतरेल, असलं काहीतरी. माणूस सरळ, पण रटाळ. लंडनमध्ये इल्फर्डला त्यांच्या घरी मी फोडणी टाकायला घेतली की हे बाहेरच्या खोलीतून सांगणार, "वरदा, मागचं दार उघड आणि पुढचं लाव, नाहीतर धुराचा अलार्म होईल." मी मुद्दाम ऐकायची नाही. अलार्म व्हायचाच. मग हे खुर्चीवर चढून टॉवेल हलवायचे आणि माझ्याकडे बघून एक अक्षर बोलायचे नाहीत. त्या न बोलण्याने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

भावोजी पुण्याहून पीएचडीसाठी आले आणि इथेच राहिले. युनिव्हर्सिटीत कायमची जागा काही मिळाली नाही, मग एका छोट्या कंपनीत चिकटले. सुप्रभा छातीच्या रोगांची डॉक्टर, पूर्व लंडनच्या एका हॉस्पिटलात. घरात तिचाच शब्द चालायचा, आणि वॉर्डातही. पण नवऱ्याच्या गणितावर तिचा जेवढा विश्वास होता तेवढा देवावरही नव्हता. मी चेष्टा केली की म्हणायची, "तू हस. तो कधी अंदाजाने बोलत नाही."

कोविडच्या पहिल्या हिवाळ्यात तिच्या वॉर्डात खाटा वाढवायच्या ठरल्या. एवढ्या पेशंट्सना तिथली हवा पुरेल का, ती नीट बाहेर ओढली जाते का, हे कोणीतरी काढून द्यायला हवं होतं. सुप्रभानेच जयंतच्या कंपनीचं नाव सुचवलं.

त्यांच्या कामाची रीत मला नंतर समजली. कॉम्प्युटरवर खोलीचे लाखो बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यातून शेजारच्या तुकड्यात किती हवा गेली, तिच्याबरोबर खोकल्याचे किती कण गेले, ते काढत बसायचं. मशीनला यासाठी दिवसचे दिवस लागतात. म्हणून खोली दोन्ही बाजूंनी सारखी असली की हे लोक अर्धीच मोजतात. मधोमध एक रेघ, तिच्या उजवीकडचं खरं मोजायचं आणि डावीकडे त्याचंच आरशातलं रूप धरायचं. यात लबाडी नाही, धंद्यातले सगळेच करतात. वॉर्डाच्या नकाशात दोन्ही बाजू सारख्या होत्या. दोन्ही टोकांना खराब हवा ओढून घेणारी जाळी होती. हॉस्पिटलला घाई होती आणि बाहेरच्या माणसाला आत यायला बंदी होती. भावोजींनी अर्धा वॉर्ड मोजला.

रिपोर्टमध्ये रंगीत चित्र होतं. खराब हवा लाल, चांगली हवा निळी. दोन्ही टोकांचे कोपरे निळे. सुप्रभाने ते चित्र छापून डेस्कमागे चिकटवलं. स्टाफ रूममध्ये तोवर खाटा गेल्या होत्या, घोटभर चहा प्यायलाही जागा नव्हती. उजव्या कोपऱ्यात मशिन्स रचलेली, म्हणून डाव्या कोपऱ्यात किटली आली, दोन खुर्च्या आल्या. मास्क काढा असं भावोजींनी कुठेही लिहिलं नव्हतं. पण निळा रंग बघितला की दमलेल्या माणसाचा हात आपोआप मास्ककडे जातो. सुप्रभा मला फोनवर म्हणाली, "तुझ्या भावोजींनी आम्हाला श्वास घ्यायला जागा काढून दिली बघ."

जानेवारीत ती आजारी पडली आणि तिच्याच वॉर्डात आली. खाट मिळाली तीही त्या डाव्या टोकाजवळ. ऑक्सिजन वाढवत नेला तरी भागेना. एका दुपारी व्हेंटिलेटरवर घ्यायचं ठरलं. त्याआधी घरच्या एकाला भेटू देणार होते. भावोजी गेले. मी लंडनच्या दुसऱ्या टोकाला, एजवेअरला, आणि त्यांची मुलगी आश्लेषा मँचेस्टरला, दोघी टॅबवर. तो टॅब त्यांनी खाटेशेजारच्या ट्रॉलीवर उभा केला होता.

पायापासून डोक्यापर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला तो माणूस खाटेजवळ आला, बायकोकडे त्याने एकदा बघितलं आणि मग वर भिंतीकडे बघत राहिला. बघतच राहिला. माझी बहीण तिथे धापा टाकतेय आणि हे भिंत काय बघतायत? मी ओरडले, "भावोजी, तिच्याकडे बघा ना!" त्यांनी ऐकलं नाही. ट्रॉलीवरचा टिश्यू घेतला, त्याची बारीक पट्टी फाडली आणि हात उंच करून धरली. पट्टी सरळ खाली लोंबत राहिली. मला वाटलं, गेलं यांचं डोकं.

नकाशात जिथे जाळी होती तिथे छतापर्यंत कपाट होतं. कधीकाळी दुरुस्तीत कोणीतरी ठोकून बसवलेलं, भिंतीच्याच रंगाचं. जाळी त्याच्यामागे गाडली गेली होती, म्हणून पट्टी हलली नव्हती. सगळ्या वॉर्डाचा श्वास त्या कोपऱ्यात येऊन तिथेच घोटाळत होता.

सुप्रभाने मास्कमधून, शब्दाशब्दाला थांबत म्हटलं, "जयंत... बघितलास? तुझा... निळा कोपरा." तिच्या आवाजात कौतुक होतं. आणि त्याच वेळी तिच्या पलीकडे एक नर्स खुर्चीत टेकली आणि चहासाठी तिने मास्क खाली घेतला.

भावोजी गप्प राहिले असते तर माझी बहीण त्या कौतुकातच झोपली असती. बोलले तर तिला कळणार होतं की या कोपऱ्यात मास्क काढून तिला कोणी बसवलं. नर्सचा कप तोंडाजवळ होता.

"प्लीज, मास्क ऑन!" ते मोठ्याने म्हणाले. "डोंट सिट हिअर. माय मॉडेल इज राँग." आणि मग खाटेजवळ वाकून मराठीत, "सुप्रभा, माझं चुकलं गं. नकाशावर विसंबून मी अर्धाच मोजला. इथली हवा बाहेर जातच नाहीये."

ती हुशार होती, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मी टॅबवर रडत होते, आश्लेषा नुसतं "आई, आई" करत होती. सुप्रभा रागावेल, तोंड फिरवेल, काहीतरी करेल असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तिने रागवावं असंच मला वाटत होतं.

ती म्हणाली, "मग... पोरींनी बसायचं कुठे?"

"मोजावं लागेल," भावोजी म्हणाले. "पूर्ण वॉर्ड."

"मोज मग," ती म्हणाली. तेवढ्यात भूल देणारे डॉक्टर आले आणि त्यांनी भावोजींना बाहेर जायला सांगितलं.

ते घरी जाऊन मोजायला बसले. ती जागी झालीच नाही. हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा मशीन चालू होतं, आणि ते त्यांनी बंद केलं नाही. पुढे कपाट निघालं, खुर्च्या दाराशी गेल्या. मग हॉस्पिटलातून कोणीतरी अगदी गोड इंग्रजीत कळवलं की डॉक्टरांना लागण नेमकी कुठे झाली हे सिद्ध करता येणार नाही. ते खरंही आहे. भावोजी मात्र त्या वाक्याचा आधार घेत नाहीत.

आश्लेषा म्हणते, "मावशी, बाबा बरोबर केला. आई पण सेम केली असती." मला माहीत आहे गं. त्या नर्सला पोरंबाळं असतील, हेही कळतं. तरी दोन मिनिटं त्यांनी दम धरायला हवा होता असं मला आजही वाटतं, आणि तसं वाटतं याची लाजही वाटते.

पण माझा खरा राग वेगळाच होता. वर्षश्राद्धाला पानं उचलून झाल्यावर मी तो बोलून टाकला. "भावोजी, नकाशा जुना असू शकतो हे तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला आत सोडत नव्हते, मान्य. पण ती तर रोज त्या वॉर्डात जात होती. एकाच छपराखाली राहत होतात. तिकडची जाळी चालू आहे का, एवढं तिला विचारायला काय झालं होतं?"

त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली.

"मी त्या वॉर्डात माणसं घातली होती, वरदा," ते म्हणाले. "बसलेली, उभी, खोकणारी. सगळी एकाच मापाची. त्यातली एक सुप्रभा आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."