पडद्यावरची काळी फोड

चक्रीवादळाचा अभ्यास करणाऱ्या माणसाच्या मनात एक चोरटी इच्छा असते, की वादळ आपल्या रडारसमोरून जावं. ती आम्ही चारचौघांत बोलत नाही. रडारचा ट्रक घेऊन आम्ही दुसऱ्यांच्या किनाऱ्यांवर धावायचो, आणि तिथल्या लोकांना घरं सोडा म्हणून मी हात जोडून सांगायची. मग एका वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर, वादळ माझ्याच किनाऱ्याला लागलं. मी केळव्याची.

ट्रक आम्ही शिरगावला उभा केला, किल्ल्याच्या पुढे एका मोकळ्या शेतात. पश्चिमेला नुसता समुद्र. रडारला हेच हवं असतं, समोर आडवं काही नको. दक्षिणेला मात्र सुरूचं दाट बन होतं. रडारच्या लहरी झाडांवर आपटून माघारी येतात, पलीकडचं काही कळत नाही. त्यामुळे पडद्यावरच्या गोल चित्रातून कलिंगडाची फोड कापून न्यावी तसा एक तुकडा काळाच राहिला होता. केळवं, आमची सुपारीची वाडी, वाडीतलं घर आणि घरातली आई, सगळं त्या फोडीत होतं.

"मॅडम, दिव्याखाली अंधार," आमचा ड्रायव्हर म्हणाला. तेव्हा मीही हसले. ट्रकचे लोखंडी पाय एकदा जमिनीत घट्ट रोवले आणि वारा चढला, की तो जागचा हलवता येत नाही. आणि खरं सांगायचं तर आम्हाला समुद्र हवा होता, केळवं नको होतं.

सकाळी आईला फोन केला. गावातल्या लोकांना शाळेत हलवत होते आणि ही घरात चहा पीत बसली होती.

"शाळेत जा," मी म्हटलं.

"कशाला? तू हायस ना शिरगावात. तुझ्या मशिनीत दिसते ना मी?"

"नाही दिसत. मधे झाडं आहेत. तुझ्या बाजूचं मला काहीच दिसत नाही."

"भर समुद्रातलं दिसतं आणि आईचं घर नाय दिसत?" ती हसली. "काय वाटलं तर फोन कर, मी निघते."

माझा पारा चढला. हट्टी आहेस, कुणाचं ऐकत नाहीस, असं बरंच बोलले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. तिला न्यायला आलेल्या शेजाऱ्यांनाही तिनं माघारी पाठवलं, हे मला नंतर कळलं. "माझी पोरगी बघते हाय," एवढंच त्यांना सांगितलं.

दुपारी वादळ किनाऱ्यावर चढलं. इतकं स्वच्छ चित्र आम्हाला आधी कधी मिळालं नव्हतं. समुद्रावरून पावसाचे पट्टे वळत वळत येत होते आणि आमच्या तुकडीचे साहेब सारखे वाहवा करत होते. मी डोळ्यात तेल घालून एकाच जागी बघत होते. एकेक पट्टा त्या काळ्या फोडीत शिरायचा आणि नाहीसा व्हायचा. आईचा फोन केव्हाच बंद पडला होता.

वारा उतरल्यावर रस्त्यातली झाडं तोडत तोडत केळव्याला पोचले. सुपाऱ्या कमरेत मोडून पडल्या होत्या. मागचा माड स्वयंपाकघरावर आला होता, आणि शाळेतून परतलेल्या शेजाऱ्यांनी आईला त्याच्याखालून काढून पुढच्या ओट्यावर निजवलं होतं. मांडीचं हाड मोडलं होतं.

आता ती बोईसरला माझ्याकडे असते. गॅलरीतून कारखान्याची भिंत दिसते. तिथं खुर्ची टाकून ती बसून राहते, मला तिच्याकडे बघवत नाही. वाडी विकून टाक असं तिनंच सांगितलं, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

परवा म्हणाली, "आपली वाडी पडताना तुझ्या मशिनीत कशी दिसली ते दाखव."

मी लॅपटॉप उघडला. तिनं काळ्या फोडीवर बोट ठेवलं. "हे काय?"

"हे केळवं."

"म्हणजे खरंच नाय दिसत होतं?"

"तुला सांगितलं होतं ना."

"मला वाटलं, मला शाळेत धाडायला खोटं बोलतेस. तुझे बाबा दवाखान्यात होते तेव्हा तुमी सगळी मला शेवटपर्यंत असंच सांगायचा, बरे हायत, बरे हायत." तिनं बोट काढून घेतलं. "माझंच चुकलं. तुझं ऐकायला हवं होतं."

त्याच सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की वॉकर आता सुटणार नाही.

"माझा पाय सुधरेल ना गं? विकायच्या आधी वाडीत एकदा चालण्यापुरता?" तिनं विचारलं.

"सुधारेल," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. या वेळी तिनं माझ्यावर लगेच विश्वास ठेवला.