उजेडाची खुर्ची

शिवणघराच्या मालकीणबाईंना सारे माई म्हणत. दिवसाचा आरंभ त्यांच्या प्रार्थनेने होई. सुईत दोरा त्यानंतरच. पतीच्या पश्चात हा व्यवसाय त्यांनी श्रद्धेच्या बळावर उभा केला होता, आणि श्रद्धा ही काही चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवण्याची वस्तू नव्हे, असे त्यांचे ठाम मत होते.

काजे करणारी बाई अन्य धर्माची. प्रार्थना संपेपर्यंत ती जिन्यात बसे. माईंनी तिला कधी शब्दानेही दुखावले नव्हते. म्हणूनच, धर्मावरून भेदभाव होतो अशी तक्रार कामगार कार्यालयात करणार असल्याचे तिने सांगितले, तेव्हापासून माईंचे चित्त थाऱ्यावर नव्हते. सरावाची कात्रीही खडूची रेघ सोडून भरकटे.

त्यांनी वकील भाच्याला बोलावून घेतले.

"मी तिला प्रार्थनेला ये म्हटलं का कधी? उद्या देवाचं नाव घ्यायचीही चोरी."

"घे की नाव, मावशी. दुकान तुझं, देव तुझा. कायदा आड येत नाही. पण धर्मापायी कामात डावं-उजवं झालं, तर तो जाब विचारणार. तिचं गाऱ्हाणं नेमकं काय?"

"प्रार्थना खुपते, दुसरं काय असणार."

"म्हणजे न विचारताच निकाल. न्यायाधीश व्हायला हवं होतंस तू."

"चहा पी. निवतोय."

दुसऱ्या दिवशी स्तोत्र ओठांवर होते, पण डोळे मिटेनात. प्रार्थना आटोपताच बायका रिवाजाप्रमाणे खुर्च्यांकडे धावल्या. जी आधी पोहोचेल, तिची जागा. खिडकीलगतच्या खुर्च्या क्षणात भरल्या. काजवाली जिन्यातून आत आली, तेव्हा कपाटामागची तेवढी उरली होती. काळ्या कापडावर काळा दोरा. नाक सुईला टेकेल इतकी ती वाकली.

माई जवळ गेल्या. "या जागेची तक्रार आहे तुझी?"

"मग कशाची? तुमच्या प्रार्थनेचं मला काही नाही, माई. जिन्यात वारा छान येतो. पण काज चुकलं की बोलणी मी खाते, अन् डोळेही माझेच जातात."

"आधी बोलायचंस."

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, लवकर येत जा."

म्हटले होते खरे. माईंना ते लख्ख आठवले.

तेव्हापासून खुर्च्या आधी ठरू लागल्या, प्रार्थना नंतर. पहिल्याच दिवशी काजवालीने आपली सुयांची डबी खिडकीपाशी ठेवली आणि ती नेहमीसारखी जिन्यात गेली. माईंनी हात जोडले. पहिला चरण आला, दुसरा काही केल्या आठवेना. तक्रार केलीस की नाही, हे त्यांनी विचारले नव्हते. आता विचारणे शोभणारही नव्हते. दृष्टी पुनःपुन्हा त्या डबीकडे जात होती.