नळाखालची ब्राह्मी

सारजाबाईंचं माहेर करकंबचं आणि सासर सांगोल्याकडचं. एवढ्या एका वाक्यात त्यांचं निम्मं आयुष्य आलं. माहेरी घरामागं कॅनॉल, भोवती ऊस आणि मोरीच्या पाण्यावर बारा महिने पसरलेली ब्राह्मी. सासरी टँकर आला की आधी घागरी, मग नातीगोती. लग्नानंतर निघताना आईनं ओल्या फडक्यात ब्राह्मीची चार पेरं बांधून दिली. "लाव कुटंतरी. पेरापेराला मुळ्या फुटत्यात. फकस्त मातीची वल मोडू देऊ नगं," एवढंच म्हणाली.

सारजाबाईंनी ती मोरीपाशी लावली. सासूबाईंनी पाहिलं. "माणसास्नी प्यायला न्हाय, आन् गवताला पानी?" त्यात त्यांचंही काही चुकलं नव्हतं. महिनाभरात ब्राह्मी वाळली. पुढं दोनदा माहेराहून आणली, दोन्ही वेळा तेच. सारजाबाईंनी घरात त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. नवऱ्याला, म्हणजे रामहरींना, तर पत्ताच नव्हता. पुरुषांना काय, दारातलं झाड पडलं तरी दुसऱ्या दिवशी कळतं.

सहा वर्षांपूर्वी रामहरी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका अपार्टमेंटमध्ये वॉचमन म्हणून लागले आणि दोघं तिथंच पार्किंगमागच्या खोलीत राहायला आले. खोलीच्या भिंतीला टाकीचा एक नळ होता, कायम ठिबकणारा. सारजाबाईंनी तो पाहिला आणि पुढच्याच खेपेला करकंबहून ब्राह्मी आणली. आई तेव्हा होती. या वेळी मात्र वेल लागली. जमिनीशी सरपटत, पेरापेरानं मुळं धरत, वर्षाभरात चटईएवढी झाली. गुबगुबीत बारकी पानं, त्यांत पांढरट जांभळी फुलं. सारजाबाई लांबलेल्या दांड्या चिखलात दाबून वर खडा ठेवत, पिवळी पानं खुडत, उन्हाळ्यात दुपारी वरून ओलं पोतं धरत. पानं खोबरेलात कढवून तेल करत आणि रोज रात्री रामहरींच्या टाळूवर घालत. ते तेल दुकानातलं आहे, अशी रामहरींची समजूत होती.

त्या ठिबकत्या नळाचा रामहरींना मात्र भारी राग. सांगोल्याचा माणूस; थेंब पडला की हे उठून नळ पिळत. चिंधी बांधून झाली, सुतळी बांधून झाली, सोसायटीच्या चेअरमनकडं चार वेळा तक्रार करून झाली. नळ काही ऐकेना.

यंदा चैत्रात सारजाबाई भाच्याच्या लग्नाला दहा दिवस करकंबला गेल्या. भावानं, अभिमन्यूनं, नवं घर बांधलं होतं. झकास घर, अंगणभर फरशी. मोरीची जागा शोधायला सारजाबाई घरामागं गेल्या, तर तिथंही फरशी. कॅनॉलची कडसुद्धा सिमेंटची झालेली. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या फरशीवर उभं असताना त्यांना एकदम जाणवलं, आता आईच्या हातची ब्राह्मी जगात एकाच ठिकाणी उरली आहे, सोलापुरात आपल्या खोलीच्या भिंतीशी. लग्नाच्या जेवणावळीत त्यांचं मन लागेना.

परत आल्या त्या दिवशी उन्हानं सोलापूर नुसतं भाजत होतं. रामहरी फाटकातच हसत उभे. "चल, तुला एक गंमत दावतो." त्यांनी नळापाशी नेलं. "सोता नळाला नवा वायसर बशिवला. बग, थेंब न्हाय!"

थेंब नव्हता. नळाखाली वाळलेल्या कडब्यासारखी करड्या काड्यांची चटई पडली होती.

सारजाबाई मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या. रामहरी गोंधळले. "अगं, गवतासाटी कुनी रडतं व्हय?"

"गवत न्हाय ते," सारजाबाई म्हणाल्या. "माज्या आईनं दिलेली ब्राह्मी हाय." मग चार पेरांपासून करकंबच्या फरशीपर्यंत सगळं बाहेर पडलं. तीनदा वाळली तेही, आणि टाळूवरचं तेल कशाचं तेही.

रामहरींचा हात डोक्याकडं गेला. "चाळीस वरसं बोलली का न्हाईस?"

"काय बोलायचं? तुमच्या घरात प्यायला पानी नव्हतं."

संध्याकाळी दोघांनी मिळून ती चटई उलटली. भिंतीलगत, एका खड्याखाली दोन पेरं अजून ओली होती, खाली दोऱ्याएवढी पांढरी मुळी. सारजाबाईंनी घमेल्यात चिखल केला, पेरं त्यात दाबली आणि घमेलं सावलीत ठेवलं. आता पाणी हवं होतं, सकाळ-संध्याकाळ. पण त्याच आठवड्यात चेअरमननं नोटीस लावली होती, झाडांना टाकीचं पाणी बंद. वॉचमननंच ती मोडायची कशी? सारजाबाई आपल्या वाटणीच्या घागरीतलं तांब्याभर घालत. पेरं जगतील की जातील, काही सांगता येत नव्हतं.

चौथ्या दिवशी महापालिकेचं पाणी आलं. सोलापुरात चार-पाच दिवसांनी पाणी आलं की घरोघरी ताजं भरतात आणि उरलेलं शिळं ओतून देतात. रामहरी बादली घेऊन उठले आणि जिना चढू लागले. हा माणूस सहा वर्षांत कुणाच्या दारात चहाच्या घोटासाठीही उभा राहिला नव्हता. सारजाबाई मागोमाग गेल्या आणि वळणावर थांबल्या.

वर रामहरींनी पहिल्याच दाराची बेल वाजवली. तिथं राहणाऱ्या दानेश्वरी मॅडमनी दार उघडलं.

"मॅडम, शिळं पानी टाकू नगा. मला द्या."

"कशाला हवंय हो, काका?"

रामहरींनी टोपी काढून हातात घेतली. "माज्या सासूनं रोप दिल्यालं हाय, मॅडम. चाळीस वरसं मी त्याला पानी दिलं न्हाय."

सारजाबाईंनी तोंडावर पदर धरला. मॅडमनी भरून दिलेली बादली घेऊन रामहरी खाली उतरू लागले, कठड्याला धरत. सारजाबाई पुढं झाल्या आणि त्यांनी बादलीच्या कडीला हात घातला. "द्या हिकडं, एकट्यानं सांडंल." मग दोघांनी मिळून ती बादली एकेक पायरी खाली आणली.