रिकाम्या फुग्यांचा अंक

सुखदेव दुधमल सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी शिडीवर होतो आणि सर खाली. आदिलाबादच्या बाजारात मी एका किराणा दुकानाची पाटी रंगवत होतो. शाळेत चित्रकला शिकवणारे हे गृहस्थ छत्री मिटून अर्धा तास माझं अक्षर पाहत उभे होते. मग त्यांनी विचारलं, "तुमाले बोलनारं अक्षर लिहिता येते काय?" मी हो म्हणालो. बोलणारं अक्षर म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. पण पेंटर कधी नाही म्हणत नसतो.

असा मी 'गुंजा चित्रकथा'त आलो. मुलांसाठीचं हे प्रकाशन सर घरच्या पुढच्या खोलीतून चालवत. चित्रं ते काढत, पात्रांच्या तोंडचे संवादांचे फुगे मी भरत असे. पण फुग्यांतलं बोलणं सरांनी स्वतः कधीच लिहिलं नाही. दर शनिवारी शाळा सुटली की ते मला घेऊन जवळच्या तलमडुगू गावी जात, विहाराच्या ओट्यावर चित्रं मांडत आणि पोरांना विचारत, "हा काय म्हनून राह्यला, सांगा." पोरं सांगत, मी टिपून घेई. आमची पात्रं आमच्याकडच्या माणसांसारखीच बोलत, म्हणून अंक गावोगावच्या मराठी शाळांत हातोहात जात.

आता माझा गुन्हा सांगतो. सरांच्या या गौरवग्रंथात तो लपवणं बरं दिसणार नाही. चित्रं आणि अक्षरं आम्ही वेगळ्या कागदांवर करत असू, छापखान्यात ती एकत्र होत. वाघ कचेरीत दाखला काढायला जातो, त्या गोष्टीच्या वेळी मी चित्रं पोचवली आणि अक्षरांचे कागद रंगाच्या पेटीत विसरलो. सगळा अंक रिकाम्या फुग्यांसकट छापून आला. जमवलेला कागद त्यातच संपला होता. 'गुंजा' माझ्या हातून बुडाली, या भीतीनं मी सरांसमोर मान खाली घालून उभा राहिलो. सरांनी चार पानं उलटली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पोट्ट्याइचंच बोलनं व्हतं ना? मंग आता त्याइलेच लिहू द्या."

अंक तसेच शाळांत गेले. पोरं ते भरून दाखवायला घेऊन आली. कुणी मराठीत, कुणी तेलुगूत. कचेरीतल्या कारकुनाच्या फुग्यात मात्र गावोगावच्या पोरांनी न ठरवता एकच लिहिलं होतं: "रेपु रा", म्हणजे उद्या ये. तलमडुगूच्या सुनंदा नावाच्या पोरीच्या अंकात वाघाचं त्यावर उत्तर होतं, "साहेब, काल बी हेच म्हनलं व्हतं." सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. 'गुंजा' तगली, आणि पुढे दर वर्षी आम्ही एक अंक मुद्दाम रिकाम्या फुग्यांचा काढू लागलो.

मग मराठी शाळांतली मुलं कमी होत गेली. घरी मराठी बोलणाऱ्या पोरांना मराठी वाचता येईना. शेवटच्या अंकाचे गठ्ठे सुतळीही न सोडता परत आले. मला राग आला आणि रडूही. सर म्हणाले, "रडून काऊन राह्यले, पेंटर? पोट्टे बोलले ना तितके दिवस. झालं आपलं काम." 'गुंजा'ची पाटी मीच रंगवली होती, मीच उतरवली. शिडी सरांनी धरली.

सरांचं ते म्हणणं मला पटलं नव्हतं. एवढी वर्षं वाया गेली की काय, ही रुखरुख कायम होती. मागच्या महिन्यात एका कागदासाठी कचेरीत गेलो, तर टेबलामागे सुनंदा! टेबलाच्या काचेखाली वाघाचं तेच पान. मी विचारलं, "उद्या येऊ काय?" ती म्हणाली, "बसा ना काका, आजच होते तुमचं काम." सरांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी पुन्हा नुसता चष्मा पुसला.

आज सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. या ग्रंथाच्या शेवटच्या पानावर मी त्यांचं चित्र काढलं आहे, आणि या वेळी फुगा जाणूनबुजून रिकामा ठेवला आहे. सर, तो भरायची घाई करू नका. आम्ही शाई घेऊन आलो की दर वेळी खणखणीत आवाजात "रेपु रा" म्हणा. आम्ही आनंदानं उद्या येऊ.