सतरा पायऱ्यांवरचं माहेर

माझे सासरे भिकामामा. माणूस सोन्यासारखा, पण हट्ट असा की समोरच्यानं भिंतीवर डोकं आपटून घ्यावं. पेठच्या पुढं डोंगरात एकटेच राहायचे. गेल्या माघात बांधावरून घसरून पाय मोडला आणि दीड दिवस कुणाला पत्ताच नाही. शेवटी भावकीतल्या सावळीरामचा फोन आला. तेव्हापासून माझ्या बायकोनं, सवितानं, एकच धोशा लावला होता, "बाबांना आता एकटं ठेवायचं नाही." प्लास्टर निघालं आणि मी त्यांना थेट सातपूरला आमच्या घरी आणलं.

आणलं खरं, पण ते जेवेनात! "लेकीच्या घरचं अन्न खायचं नाय. आमच्यात बसत नाय." अहो, नातवंड झालं की ही अट सुटते म्हणतात. आमची यशश्री सातवीत गेली, तरी अट जागच्या जागी. पाणी मात्र प्यायचे. का, तर "पाणी पालिकेचं हाय, तुमचं नाय." घ्या आता!

दुसऱ्या दिवशी त्यांनी काठी टेकत गच्ची गाठली, विटा मांडल्या आणि चूल पेटवली. गावाहून आणलेली स्वतःची नागली, स्वतःचे तांदूळ. चूल वेगळी म्हणजे घर वेगळं, हा त्यांचा कायदा. खाली लेकीचं घर, वर भिकामामांचं. झोपायचेही वरच, जिन्याच्या खोलीत.

धूर जायचा शेजारच्या ज्योत्स्नावहिनींच्या वाळत घातलेल्या साड्यांवर. त्या तणतणत वर गेल्या आणि अर्ध्या तासानं नागलीची भाकरी न् खुरासणीची चटणी खाऊन तोंड पुसत खाली आल्या. वर मलाच म्हणतात, "किती गरीब माणूस आहे हो! जरा नीट बघा त्यांच्याकडे." चोर सोडून संन्याशाला फाशी!

पण सगळ्यांना काही भाकरी मिळत नव्हती. रोज कुणी ना कुणी धुराची तक्रार घेऊन दारात उभं. एका रविवारी, रात्रपाळी करून आलेला मी, माझं डोकंच फिरलं. वर जाऊन म्हणालो, "मामा, ती चूल बंद करा. गपचूप खाली येऊन जेवा."

बोललो आणि जीभ चावली. मामा शांतपणे म्हणाले, "बरं. बुधवारी पेठची एसटी धरतो."

सवितानं ते खालून ऐकलं. बायको बोलत नाही तेव्हा नवऱ्यानं आधी चपला शोधाव्यात. तिनं बॅग काढली, चार साड्या कोंबल्या.

"कुठं निघालीस?"

"माहेरी."

आणि चढली की सतरा पायऱ्यांचा जिना! मामांनी लेकीला जिन्याच्या तोंडाशीच थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग आत घेतलं. खांद्यावरच्या पंच्यानं त्यांना डोळे पुसताना मी खालून बघितलं. फार वाईट वाटलं मला.

मंगळवारी बायकोला न्यायला गेलो. आधी मामांची माफी मागितली. त्यांनी पाण्याचा तांब्या दिला, घोंगडी अंथरली. "बसा, पाव्हणं." माझ्याच गच्चीवर मी पाव्हणा! दाबून जेवलो. मग हळूच विचारलं, "सविताला पाठवता ना?"

"अशी कशी पाठवू? इतक्या वर्सांनी लेक माहेराला आली. राहू दे."

"पण तुमची उद्याची एसटी?"

मामा खवळले. "लेक माहेरी आल्यावर बाप घर सोडून जातो व्हय? अक्कल हाय का नाय?"

सविता मला जिन्यापर्यंत सोडायला आली. हळूच म्हणाली, "कळलं का? मी ज्या दिवशी खाली नांदायला येईन, त्या दिवशी बाबा गाव गाठतील."

"मग?"

"मग काय? मी येत नाही."

याला आता आठ महिने झाले. कामाला ती खाली येते, माझा डबा करते, भांडायचं ते भांडते, आणि जेवायला-झोपायला माहेरी. पावसाआधी मी वर पत्रे टाकून दिले, धुरासाठी उंच नळकांडं बसवलं. परवा माझ्या शेजारच्या मशीनवरचा लखन डबा खाताना विचारत होता, "काय रे, वहिनी अजून माहेरीच? येणार कधी?"

"येऊ नये रे बाबा," म्हटलं. "म्हातारा आहे तोवर तिनं येऊच नये."