पितळेचं कासव

आचऱ्याच्या त्या मासळीवाल्याच्या जुन्या पिकअपमध्ये बसायचं तर आधी चपला हातात घ्याव्या लागतात. मासळीच्या खाऱ्या पाण्याने सीटपुढचा पत्रा कुजला आणि भोकातून रस्ता दिसायला लागला, तेव्हा त्याने त्यावर देवळात असतं तसं पितळेचं कासव स्क्रूने बसवलं. रोज आमसुलाने घासून ते लखलखीत ठेवतो.

"अरे, नवो पत्रो मारून घे," मी म्हटलं.

"पत्र्यार लोक पाय ठेवतत. कासवार कोण ठेवतलो?"

म्हणून मी मालवणपर्यंत मांडी घालून जातो. हल्ली ब्रेकही उशिरा लागतो. त्यावर उपाय म्हणून त्याने आरशाजवळ पितळी घंटा टांगलीय. उतार आला की मला म्हणतो, "वाजय रे!"

मी डोळे मिटून वाजवतो.